घड्याची मागची बाजू

पोलिक्सेनीमावशी रोज साडेआठला, म्हणजे नेमकी माझ्या कॉफीच्या वेळेला, संग्रहालयाच्या दारात हजर. मागणं एकच: तिसऱ्या कपाटातला काळ्या चित्रांचा घडा फिरवा. पुढच्या बाजूला हेराक्लिस सिंहाशी झोंबतोय, ते सगळं जग बघून जातं. भिंतीकडच्या बाजूला मयताभोवती डोक्याला हात लावून आक्रोश करणाऱ्या बायका आहेत. ती बाजू तिच्या नवऱ्यानं, आमच्याकडे फुटकी भांडी सांधणाऱ्या मास्तर थ्रासिवुलोसनं, खापरी खापरी जुळवून उभी केली. तो वसंतात गेला.

"माझे दोन हिवाळे त्या बाजूत गेलेत," ती म्हणायची. "कशापायी गेले ते बघू तरी दे, पोरी."

पोरी! मी चोपन्न वर्षांची आहे.

कपाट उघडायला मला धरून तिघांची समिती लागते, तिघांच्या सह्या लागतात, हे सांगून माझं तोंड दुखलं. संचालक अर्गिरोबाई असल्या की कपाटाचा गजर बंद करणारा वायरमन लाझारोस रजेवर. तो आला की बाई अथेन्सला. शेवटी धूळ पुसायच्या निमित्ताने तेवीस सप्टेंबर ठरला. तिघं आलो, काच उघडली, घडा फिरवला, आणि मावशीचा पत्ता नाही.

मग मी कॅलेंडर पाहिलं. संत पोलिक्सेनी. मावशीच्या नावाचा सण, म्हणजे शुभेच्छा द्यायला येणाऱ्यांसाठी दार उघडं ठेवून दिवसभर घरात बसायचा दिवस. आम्हा तीन शहाण्यांपैकी एकालाही सुचू नये?

धावत गेले. घरात अर्धं गाव, आणि मावशी ट्रे घेऊन फिरतेय. आधी बस, आधी गोड खा. चमचाभर मुरंबा गिळला, सणाला म्हणतात तसं "खूप वर्षं जग" म्हटलं आणि तिचा दंड धरला. पाहुण्यांना "आलेच" सांगून ती ॲप्रनसकट निघाली.

घड्यासमोर वाकून ती एकेक बाई बघत गेली. शेवटच्या बाईचा डोक्याकडे गेलेला हात कोपरापुढे नव्हताच. तिथे नुसती कोरी माती.

अर्गिरोबाई समजावायला लागल्या की सापडलं नाही ते रंगवायचं नसतं, मास्तरांनी अगदी नियमाने काम केलंय. मावशीनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"एका रात्री जेवताना म्हणाला होता, हात सापडत नाहीये," ती मला म्हणाली. "मी तेव्हा या घड्यावरूनच अबोला धरला होता. कुणाचा हात, एवढंही विचारलं नाही."

लाझारोस उगाच कुलूप पुसत राहिला.

मग मावशीनं ॲप्रनला डोळे पुसले. "फिरवा परत. लोकांना तो सिंहच बघू दे. ही बाजू आमची दोघांची आहे."

सहा महिने डोकं खाऊन शेवटी हे! आम्ही घडा परत फिरवला आणि मी समितीच्या कागदावर सही केली.