फोटोतले साहेबराव

साहेबराव ओव्हाळांनी चाळीस वर्षं रंगभूमी गाजवली, बावीस चित्रपट केले, आणि आता त्यांच्या वाट्याला भूमिका आली ती भिंतीवरच्या फोटोची. एका मालिकेत नायिकेचे वारलेले आजोबा हवे होते.

"एखादं वाक्य?" त्यांनी फोनवर विचारलं.

"काका, तुम्ही गेलेले आहात," निर्मात्याचा माणूस म्हणाला. साहेबरावांनी मुकाट्याने फोटो पाठवला.

एके काळी कारखान्यात लेथवर पहिली शिफ्ट उरकून हा माणूस कामगार नाट्यस्पर्धेच्या तालमीला पळायचा. टाळ्या पडायच्या त्या नाट्यगृहाबाहेर ऐकू जायच्या. आता बायको, कस्तुरा, गेल्यापासून थेरगावच्या दोन खोल्यांत बोलायला माणूस नव्हतं.

शनिवारी मालिकेत हार घातलेले साहेबराव झळकले. जुन्या कामगार कलावंतांच्या ग्रुपवर कुणीतरी ते दृश्य टीव्हीवरून टिपून टाकलं, तेही एक शब्द न लिहिता. झालं! भराभर श्रद्धांजल्या सुरू झाल्या. साहेबराव स्वतः त्याच ग्रुपवर आहेत, हे एकालाही आठवलं नाही.

खुलासा करायला हवा होता. पण म्हाताऱ्याला मोह पडला. एरवी कुणी फिरकत नाही, मेल्यावर तरी येतील! रविवारी सकाळी त्यांनी इस्त्रीचा झब्बा घातला, दोन लिटर दूध आणलं आणि दार सताड उघडं ठेवलं. दुपारपर्यंत एक कुरिअरवाला आला, तोही वरच्या मजल्याचा पत्ता विचारायला.

दोन वाजता फोन वाजला. निघोज्याचा गेनू, त्यांच्या सगळ्या नाटकांचा प्रॉम्प्टर.

"मी त्यांचा धाकटा भाऊ," साहेबराव आवाज बदलून म्हणाले.

गेनू हमसून रडायला लागला. "वाघ व्हता हो तुमचा भाऊ! आत्ता निघतो. रिक्षा दारात हाय."

साहेबराव आपल्या मूळ आवाजावर आले. "गेन्या, रडू नको. मीच बोलतोय. जिवंत आहे."

पलीकडून आधी शिव्या, मग हसू. "जीव घेतलास लेका! बरं झालं बाबा. आज नातीचं बारसं हाय, ते टाकून निघालो व्हतो."

"मग बारसं उरकून ये की. चहा घेऊ."

"आता कशाला? तू हायस की. येतो कवातरी निवांत."

"ये, ये," साहेबराव हसत म्हणाले, आणि ते हसणं त्यांना फार जड गेलं. फोन ठेवल्यावर त्यांना वाटलं, गप्प बसलो असतो तर तो आत्ता वाटेत असता.