शटरच्या अलीकडे

"तहान लागेपर्यंत थांबायचं नाही, त्याच्या आधीच पाणी प्यायचं," खुर्चीवर उभी राहून ती ओरडत होती, "आणि उपाशीपोटी शौर्य गाजवायला कोणी येऊ नका. काल एक जण आडवा झालाय. केळी ठेवलीत, अंडी ठेवलीत, खाऊन घ्या. पायाला फोड आला असेल तर आत्ता सांगा, दुपारी लंगडत येऊ नका. आणि ज्याचा घसा खवखवतोय, अंग कसकसतंय, त्याने मुकाट्याने घरी जायचं. इथे कुणावाचून कुणाचं अडत नाही."

"ताई, तुमच्यावाचून अडतं!" मागून लंबू म्हणाला आणि पत्र्याच्या त्या खोलीतले सगळे स्वयंसेवक हसले.

ती पण हसली. हसताना घशात काहीतरी टोचलं.

संमेलनाचा शेवटचा दिवस होता. बाहेर प्रदर्शनाच्या अवाढव्य हॉलसमोर माणसांची रीघ लागली होती. चंदेरी पोशाख, पुठ्ठ्याची शिरस्त्राणं, कडेवरच्या पोरांच्या गालांवर काढलेले तारे. कधीकाळी टीव्हीवर लागणाऱ्या एका अंतराळयानाच्या मालिकेचे हे चाहते दरवर्षी असे तीन दिवस जमायचे. आणि गंमत म्हणजे त्या मालिकेचं हिला काडीइतकंही प्रेम नव्हतं. दुसऱ्या भागाला तिला झोप लागायची. ग्रहांची नावं ती अजून उलटसुलट करायची. पण जन्म गेला होता बसडेपोच्या तिकीटखिडकीत, त्यामुळे रांग कशी हाकायची ते तिला सांगावं लागत नव्हतं. पहिल्याच वर्षी तिने दारावरची झुंबड सुतासारखी सरळ केली आणि तेव्हापासून ती सगळ्यांची खिडकीताई झाली.

वेड होतं ते तिच्या नवऱ्याला. त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. दुरुस्तीला आलेल्या संचांवर त्याने अख्खी मालिका पाहिली होती. पुढे संमेलनं सुरू झाली तेव्हा रंगमंचाच्या वायरी तोच ओढायचा. लंबूला इलेक्ट्रिकचं काम त्यानेच हाताशी धरून शिकवलं. मग मूत्रपिंडं गेली. त्याच्या धाकट्या बहिणीने आपलं एक दिलं, ते बसवलं, ते चाललं. पण नवं मूत्रपिंड अंगाने झिडकारू नये म्हणून गोळ्या, आणि त्या गोळ्यांनी अंगातली झुंजायची ताकदच काढून घेतलेली. कुणाची साधी सर्दी त्याला महागात पडायची. गर्दी तर कायमची बंद. त्या वर्षी संमेलनाचे तिन्ही दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. जेवला नाही, बोलला नाही. शेवटी तीच म्हणाली, "पुढच्या वर्षी तुमच्या जागी मी जाते. येऊन सांगेन सगळं."

तेव्हापासून ती जात होती. घरी आली की आधी अंघोळ, मग तोंडावर मास्क बांधून दाराजवळच्या खुर्चीवर बसायची आणि तो पलंगावरून तिची उलटतपासणी घ्यायचा. कोण आलं, काय बोललं, माइक कुठे शिट्टी मारत होता. ती नावं चुकवायची. तो हसून हसून बेजार व्हायचा.

या वर्षी कप्तान येणार होता. मालिकेत कप्तानाचं काम केलेला नट आता चांगलाच थकला होता, कुठे जायचा-यायचा नाही. बाजूच्या खोलीतून रंगमंचापर्यंत त्याला हाताला धरून न्यायचं काम खिडकीताईकडे आलं होतं, कारण धक्काबुक्कीत तिचा पाय हलत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

हे कळल्यावर नवरा पलंगावर उठून बसला होता. "अगं, मग तू त्यांना विचारू शकतेस!"

प्रश्न एकच होता. शेवटच्या भागात कप्तान यानाचं दार लावायला जातो, दारावर हात ठेवतो आणि एकदम मागे वळून हसतो. कोणाकडे बघून, ते दाखवतच नाहीत. तिथेच मालिका संपते. इतकी वर्षं हे कोडं त्याच्या मनात घर करून होतं. त्याने तो प्रश्न तिच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेतला, शाळेतल्या पोराकडून घ्यावा तसा.

"आणि घाई करू नकोस हं. म्हातारा माणूस आहे. आठवू दे त्यांना."

आता खुर्चीवरून खाली उतरून ती पाण्याच्या पिंपाशी गेली. घोट घेतला, तो घशातून खरवडत खाली गेला. ओरडून घसा बसला असेल, ती मनाशी म्हणाली. धूळ काय कमी आहे का इथे? तिने मास्क बांधला आणि त्यावर दुसरा चढवला. हॉलच्या मागच्या गल्लीतून चालताना तिला थंडी वाजली, आणि एवढ्या उकाड्यात थंडी वाजणं म्हणजे काय ते तिच्याइतकं कुणाला कळणार होतं!

कप्तानाच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तिने टकटक करायला हात उचलला. आतून खोकल्याचा आवाज आला. लांबलेला, पोकळ खोकला, आणि मग एका बाईचा हलका आवाज, "सावकाश बाबा, सावकाश. पाणी घ्या."

उचललेला हात तसाच राहिला. दोन मास्क आहेत, ती स्वतःला सांगत होती. चार पावलांचा तर रस्ता. कुणाला पत्ता लागणार आहे? नवऱ्याचा उजळलेला चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला. आतला माणूस परत खोकला. तिने हात खाली घेतला आणि ती तडक प्रथमोपचाराच्या टेबलापाशी गेली.

"बघ गं जरा," ती तिथल्या सिस्टरला म्हणाली.

सिस्टरने थर्मामीटर पाहिला आणि तिच्याकडे पाहिलं. "ताई, ताप आहे."

"किती?"

"घरी जाण्याइतका."

लंबूला बोलावून तिने कप्तानाची जबाबदारी त्याच्या गळ्यात घातली. लांब उभी राहून त्याला प्रश्नही सांगितला. तो म्हणाला, "खोलीत नको ताई, मी सगळ्यांसमोर माइकवरच विचारतो. दादांचा प्रश्न आहे, असा कानात कशाला?"

घरी जा, असं सिस्टर म्हणाली खरी. पण आता घरच तिला बंद होतं. तिने आपल्या बहिणीला फोन केला. बहिणीची बाहेरची खोली रिकामी होती; मेहुणे गाडी घेऊन निघतो म्हणाले. तोवर कुणाच्या वाऱ्यालाही नको म्हणून ती हॉलच्या मागच्या बाजूला, जिथे ट्रकमधून सामान उतरवतात तिथे, एका लाकडी खोक्यावर जाऊन बसली. पाठीमागे भलंमोठं लोखंडी शटर खाली ओढलेलं होतं. तिने नवऱ्याला फोन लावला.

"विचारलंस?" तो हॅलो न म्हणताच बोलला.

"मला ताप आलाय."

पलीकडे चालू असलेला टीव्ही बंद झाला.

"मी नाही गेले त्यांच्याजवळ. लंबूला सांगितलंय. आणि मी घरी येत नाहीये, बहिणीकडे चाललेय. ताप उतरला की येईन."

"बरं केलंस," तो म्हणाला. जरा थांबून परत म्हणाला, "बरं केलंस गं. खाल्लंस का काही?"

"तुम्ही रागावलात?"

"छे. म्हाताऱ्याला काही झालं असतं तर? सगळं जग शोधत आलं असतं तुला."

तेवढ्यात आत हॉल दणाणला. शटरच्या पट्ट्या थरथरल्या. "आला वाटतं!" तो ओरडला. तिने पटकन उठून फोन शटरला टेकवला आणि शेजारी आपला कान लावला. तापाने कढत झालेल्या गालाला लोखंड बरं वाटलं. आत टाळ्या थांबत नव्हत्या. मग म्हाताऱ्याचा आवाज, मग कुणाकुणाचे प्रश्न. हात भरून आला तशी तिने फोन दुसऱ्या हातात घेतला. आणि मग लंबूचा ओळखीचा घोगरा आवाज आला. त्याने प्रश्न नीट विचारला, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

माइक खरखरला.

"दाराशी?" म्हातारा म्हणाला. "खरं सांगू का बाळा? आठवत नाही. कुणीतरी हाक मारली असेल. चहा आला असेल."

सगळा हॉल खो खो हसला.

तिने फोन कानाला लावला. "ऐकलंत?"

"नुसती घरघर. लोक हसले एवढं कळलं. काय म्हणाला?"

खोक्यापाशी सांडलेल्या तेलाचा डाग होता, तिकडे ती बघत राहिली.

"बरं, राहू दे," तोच म्हणाला. "फोनवर नको. घरी आलीस की समोर बसून सांग."

ताप लवकर उतरेना. नणंद त्याच्याजवळ जाऊन राहिली. रोज संध्याकाळी तो फोन करायचा. गोळ्या घेतल्या म्हणायचा, दुकानासमोरचा रस्ता खणलाय म्हणायचा. प्रश्नाचं नाव काढायचा नाही, आणि तीही काढायची नाही. मग एके दिवशी फोन नणंदेचा आला. त्याच्या अंगावर सूज चढली होती, लघवी बंद झाली होती, इस्पितळात नेलं होतं.

तिला आत जायची परवानगी मिळेपर्यंत आणखी काही दिवस गेले. डॉक्टर वयाने लहान आणि बोलायला मऊ होते. "अंगाने मूत्रपिंड नाकारलंय. हे आतल्या आत बरेच दिवस चाललेलं असणार," ते म्हणाले. "मनाला लावून घेऊ नका. तुमच्या तापाचा याच्याशी काही संबंध नाही. तुम्ही तर घरातही नव्हता."

दिलासा द्यायला म्हणून त्यांनी सांगितलं. घरातही नव्हता, एवढंच तिच्या कानात राहिलं.

त्याचा चेहरा फुगून दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता. चष्मा कानांवर घट्ट बसला होता. तिला पाहून त्याने बोटाने खुर्ची दाखवली.

"सांग आता."

बसमधून येताना तिने उत्तर रचलं होतं. कप्तानाला म्हणे दारातून आपलं घर दिसलं होतं. छान होतं उत्तर, पाठही केलं होतं. पण त्याने तिच्याकडे पाहिलं आणि तिला ते तोंडातून काढवेना.

"आठवत नाही म्हणाले. चहा आला असेल म्हणाले."

तो छताकडे बघत राहिला. मग त्याचं पोट हलायला लागलं. तिला वाटलं, कळ आली. पण तो हसत होता, आवाज न करता, डोळ्यांच्या कडांतून पाणी येईपर्यंत.

"चहाच असणार," तो म्हणाला. "एवढं मनापासून माणूस आणखी कशाला हसतो?"

तीही हसली. मास्कमुळे ते त्याला दिसलं नसावं, म्हणून तिने त्याचा हात दाबला. सुजलेल्या कातडीवर तिच्या बोटांचे खळगे उमटले आणि बराच वेळ तसेच राहिले.

दुपारी त्याला अतिदक्षता विभागात हलवलं. पलंगाची चाकं करकरत गेली आणि मोठं दार मिटलं. थोड्या वेळाने एक नर्स बाहेर आली, कुणाचं नाव न घेता इकडेतिकडे बघू लागली, आणि हिला उभं राहिलेलं पाहून तिने चष्मा पुढे केला.

"हा तुमच्याकडे ठेवा. आत सध्या लागणार नाही त्यांना."

तिने तो दोन्ही हातांनी घेतला. काचांवर कसलेसे डाग पडले होते. बाकावर बसून तिने रुमाल काढला, एकेका काचेवर फुंकर घातली, पुसली, मग ट्यूबलाइटसमोर धरून पाहिली. एका कोपऱ्यात अजून अंधुक दिसत होतं. तिने पुन्हा पुसायला घेतलं.