सोळाशेचा डाव

दुलीचंद सरांनी हत्ती सातव्या पट्टीत नेऊन ठेवला, कागदावर चाल लिहिली, चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने काचा पुसू लागले. घड्याळाची कळ दाबायची मात्र राहून गेली.

पौर्णिमाला ते लगेच दिसलं. चाल तिची होती, पण वेळ सरांचा जात होता. चार मिनिटं, दहा सेकंद उरली होती; ती संपली की सर हरणार.

बालाघाटच्या त्या मंगल कार्यालयात बुद्धिबळ स्पर्धेची शेवटची फेरी चालली होती. हा डाव जिंकला की तिचं रेटिंग सोळाशेच्या वर जाणार होतं. दवाखान्यातली ड्युटी बदलून घेत, बसने गोंदिया-जबलपूर करत नऊ वर्षं ती त्या आकड्यामागे होती. दोनदा फक्त दहा गुण उरले असताना घसरली होती. आणि समोरच्या या माणसानेच कटंगीच्या शाळेत तिला घोडा कसा चालतो ते शिकवलं होतं.

डाव हातून गेल्यासारखाच होता. तो वाचवणारी चाल तिला दिसत नव्हती.

समोरच्याची कळ राहिली तर सांगायलाच हवं असं नियमात कुठंही नाही. तिने कपाळ तळहातांत धरलं आणि विचारात बुडाल्यासारखी पटाकडे बघत राहिली. शेजारच्या पटावरच्या राकेशने घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि मान खाली घातली.

दोन मिनिटं. सरांनी चष्मा चढवला, तिच्याकडे कौतुकाने पाहिलं आणि डोळे मिटले. तिच्या ओठांवर शब्द आला; तिने तो गिळला. चाळीस सेकंद.

शून्य.

"सर, टाइम."

सरांनी वाकून पाहिलं आणि हसले.

"अरे! बटन दाबाचंच राह्यलं का माह्यं? बुढा झालो, बाई."

चालींच्या कागदावर सही करून त्यांनी हात पुढे केला. तिचा हात ओला होता.

बाहेर ते भेटेल त्याला सांगत होते, "माह्यी विद्यार्थिनी हाये. सोळाशे झाले आज तिचे."

मग तिला बाकावर बसवून त्यांनी पिशवीतून छोटा चुंबकी पट काढला आणि तोच डाव मांडायला घेतला.

"आता सांग. इतका येळ तू इचार करून राह्यली होती. मी म्हटलं, पोरीले काहीतरी सापडलं. काय होतं ते?"

पौर्णिमाने पटाकडे पाहिलं.

"काहीच नव्हतं, सर. मी तुमचं घड्याळ पाहून राह्यली होती."

सरांच्या बोटांत काळा उंट होता. तो तिथंच थांबला. जाता जाता कुणीतरी तिचं अभिनंदन केलं. तिने मान वर केली नाही.

सरांनी उंट डावात होता त्याच घरात ठेवला. राहिलेली प्यादी एकेक करून लावली आणि पट तिच्याकडे वळवला.

"मंग आता कर इचार," ते म्हणाले.