नायकाने घर सोडावे

दिनांक अकरा फेब्रुवारी २०२४, रविवार, सकाळचे साडेनऊ. स्थळ: मंठा, बसस्थानकामागील गल्लीतले मोटार-दुरुस्तीचे दुकान.

"चाचा, पिशवी खांद्याला लावून एसटीत चढा. पुढच्या फाट्यावर उतरा," तृप्ती म्हणाली.

लालमियाँने पिशवी चाचपली. आत वर्तमानपत्राचे बोळे होते. विहिरींच्या मोटारी दुरुस्त करण्यात चाळीस वर्षे घालवलेल्या या माणसावर जालन्याची ही मुलगी लघुपट करीत होती. आणि तो तीन दिवस सावध होता. फुकटची स्तुती त्याला बिघडलेल्या मोटारीसारखी वाटे: आवाज गोड, पाणी नाही.

"जायचं कुठं?"

"कुठेच नाही. पण नायक घर सोडतो, संकटं सोसतो, गुरूकडून विद्या मिळवतो आणि ती घेऊन परततो. प्रत्येक चांगल्या चित्रपटात हेच असतं."

"मंग त्यात माझी गरज काय? मी जल्मापासून हितंच बसून राह्यलो. विद्या चालत घरी आली."

त्याने मागे बोट केले. त्याची पत्नी लालबी मोटारीच्या खाचांतून तांब्याची तार ओवीत होती. ओठ हलत होते.

"हिचा बाप आष्टीला जळाल्या मोटारींत तार भरायचा. त्यानं हिला शिकवलं, हिनं मला. सतराव्या वर्षी लगीन होऊन हितं आल्ती. दोन साल माझ्या अम्मीनं तारेला हात लावू दिला न्हाई. घर हिनं सोडलं. संकटं बी हिचीच."

तृप्तीच्या कागदावर लालबीसाठी एकच दृश्य होते: दारात उभे राहून निरोप देणे.

"चाचींची काही हरकत दिसत नाही. सकाळपासून गप्प आहेत."

"तारेचे फेरे मोजताना ती बोलत न्हाई. एक चुकला तर मोटार जळते. तुझा पिक्चर चौकात पडद्यावर दाखवला, तर अख्खं मंठा म्हणंल, लालबी नुस्ती दारात उभी होती."

"पण त्या परत कुठे गेल्या, चाचा? परतल्याशिवाय नायकाची गोष्ट पूर्ण होत नाही."

या युक्तिवादाने लालमियाँचा संशय बळावला. हा नियम ज्याने केला, त्याच्या घरच्या बाया लग्नानंतर कुठे राहत होत्या? त्याने पिशवी उतरवून तृप्तीच्या हाती दिली.

शेवटचा फेरा संपला. लालबीने तार कापली आणि प्रथमच मान वर केली.

"बाप वारला, आष्टीचं दुकान मोडलं. मी परतू कुठं?" तिने हात पुसले. "तुझी गोष्ट चुकीची हाय, बेटा."