गच्चीवरची गाडी

ही २०२३ सालची गोष्ट आहे. त्या उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर पाणी मारलं नाही. नागपूरकराला याचा अर्थ समजावून सांगायला नको. एप्रिल-मे महिन्यात दिवस मावळला की घरोघरी माणसं पाइप घेऊन गच्चीवर चढतात, तापलेल्या स्लॅबवर पाणी मारतात, चर्र करून वाफा निघतात आणि मग कुठं खालच्या खोल्यांत डोळा लागतो. आमच्या गच्चीवर मात्र त्या साली खडूनं काढलेली एक मोटार उभी होती. ती पुसली जाऊ नये म्हणून आम्ही दोघं म्हातारे खाली कूलरसमोर भाजून निघत होतो.

माझे यजमान देवाजी कोराडीच्या वीज केंद्रात होते. कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर ऑपरेटर. सगळी नोकरी पाळ्यांमध्ये गेली. मी उठायची तेव्हा हे झोपायला यायचे आणि मी झोपायची तेव्हा हे डबा घेऊन निघायचे. बदलीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा तिथला नियम. त्यामुळं कुठं जायचं ठरलं की बदलीवाला आजारी पडायचा आणि आमचं जाणं राहायचं. निवृत्तीनंतर आम्ही मानकापूरच्या पुढं घर बांधलं आणि त्या घरात बसून राहिलो. मुलगी एकच, प्रीती. ती जर्मनीत उल्म नावाच्या शहरात इस्पितळात नर्स आहे.

त्या वर्षी फेब्रुवारीत तिचा फोन आला. व्हिडिओ कॉल. म्हणाली, "सप्टेंबरात या दोघं. आपण चार दिवस कॅम्परव्हॅन भाड्यानं घेऊ. गाडीतच झोपायचं, गाडीतच रांधायचं आणि मोठ्या तळ्याच्या काठानं हिंडायचं."

"काहून वं, तिथं हॉटेलं नाईत का?" मी विचारलं.

"हॉटेलात तर कोणीही राहते, आई."

हे मागून म्हणाले, "गाडी कोण चालवंल?"

"मी. नाहीतर तुम्ही. तुमचं लायसन आहे ना, बाबा? परदेशात चालवायचं परमिट काढून घ्या."

एवढं बोलून ती दुसऱ्या विषयाकडं वळली. यांच्या कानात मात्र तेवढंच राहिलं. लायसन यांनी तरुणपणी काढलं होतं, केंद्रातली जीप चालवण्यासाठी. स्वतःची मोटार कधी झाली नाही. आमच्याकडं स्कूटर होती. आणि हे सांगायचं कारण असं की, स्कूटरवर मी लुगडं सावरत एका बाजूला पाय सोडून बसायची. त्यामुळं रस्त्याची फक्त डावी बाजू मला दिसायची. कामठीला माहेरी जाताना डावीकडली सगळी दुकानं मला पाठ होती, उजवीकडं काय आहे ते विचाराल तर सांगता यायचं नाही. समोर पाहावं तर यांची पाठ. पुढं कधी लग्नकार्याला भाड्याची मोटार केली तर पुरुषमाणूस ड्रायव्हरशेजारी आणि आम्ही बाया मागं, पोरं आणि पिशव्या मांडीवर घेऊन. पुढच्या काचेतून रस्ता आपल्या अंगावर धावत येताना कसा दिसत असेल, ते मला एकदा पाहायचं होतं. आणि तेही यांच्या शेजारी बसून. एवढी साधी गोष्ट, पण सत्तरीला आले तरी घडली नव्हती. फोन ठेवला तेव्हा मी मनातल्या मनात त्या खुर्चीत बसलेसुद्धा होते.

पट्ट्यावर काम केलेल्या माणसाची एक खोड असते. पट्टा दुरुस्त झाला की त्यावर लगेच कोळसा सोडत नाहीत. आधी रिकामा फिरवतात. काय घासतं, काय अडतं ते पाहतात, मग भार टाकतात. यांनी घरातली प्रत्येक गोष्ट अशीच केली. प्रीतीला शाळेत घालायच्या आदल्या दिवशी हे तिला रिकामं दप्तर देऊन शाळेच्या दारापर्यंत फिरवून आले होते. आता व्हॅनचीही रिकामी फेरी व्हायलाच हवी होती. प्रीतीकडून त्यांनी मापं मागवली, शाळेजवळच्या दुकानातून खडू आणले आणि गच्चीवर खऱ्या मापाची गाडी आखली. पुढं दोन खुर्च्या, मागं बाकडं, शेगडी, बेसिन, आणि छपराखाली प्रीतीची झोपायची जागा, ती बाजूला वेगळी काढून दाखवली.

"हे चौकोनात काय हाय जी?" मी विचारलं.

"संडास."

"शेगडीच्या बाजूले?"

"दार लागते वं त्याले."

"दार लागू द्या नाही तर कुलूप लागू द्या. मी तिथं भाकर थापणार नाही!"

शेजारच्या गच्चीवर कांताबाई ज्वारीच्या पापड्या वाळत घालत होत्या. त्या कठड्यावर रेलून सगळं पाहत होत्या. "यमुताई," त्या म्हणाल्या, "भाऊजींनी घर बांधताना एवढा नकाशा नाही काढला वं! जिना पाहा कसा झाला तुमचा."

मग रोज संध्याकाळी ऊन उतरलं की आमचा सराव चाले. मी खडूच्या शेगडीसमोर स्टूल ठेवून खोटा खोटा चहा करायची. हे खुर्चीवर बसून परातीचं स्टिअरिंग धरायचे. माझा पाय रेघेबाहेर पडला की ओरडायचे, "अवं, भिंतीतून गेली! पडली बाहेर!" एकदा मी कांताबाईंना बोलावलं तर त्या सरळ रेघ ओलांडून आत आल्या. हे म्हणाले, "कांताबाई, दारातून या." त्या बिचाऱ्या परत फिरल्या, दाराच्या जागी गेल्या आणि बोटानं हवेत टकटक करून म्हणाल्या, "आहात का घरी?" इतकं हसलो आम्ही त्या दिवशी.

तेव्हा माझी खुर्ची यांच्या डाव्या हाताला होती. समोर कठडा, कठड्यापलीकडं लिंबाचं झाड आणि लांब कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या. मी म्हणायची, "गाव आलं पाहा." हे गिअर टाकायचे.

चूक प्रीतीनं पकडली. एका रविवारी यांनी मोबाइल फिरवून तिला सगळी गाडी दाखवली. ती आधी खूप हसली, मग म्हणाली, "बाबा, स्टिअरिंग उलट्या बाजूला काढलं तुम्ही. इथं ड्रायव्हर डावीकडं बसते. दारही उजवीकडं येईल."

केंद्रातली जीप उजवीकडं बसून चालवलेल्या माणसाला हे सुचणार कसं? यांनी बादली घेतली, सगळी गाडी पुसली आणि दुसऱ्या दिवशी उलटी आखली. शेगडी इकडची तिकडं गेली. माझी खुर्ची यांच्या उजव्या हाताला आली. मला तर आनंदच झाला. म्हटलं, आता उजवी बाजूही पाहायला मिळेल.

आणि त्याच संध्याकाळी हे माझ्या स्टुलावर आदळले.

शेगडीबरोबर स्टूल आता त्यांच्या उजव्या बाजूला आलं होतं, पण ते काही लहान नव्हतं. त्यावर रिकामी कळशी होती. हे बाकड्याकडून पुढं आले आणि सरळ त्यात घुसले. कळशी गडगडत गेली. "इथं काहून ठेवलं?" म्हणून माझ्यावरच चिडले. दोन दिवसांनी पुन्हा तसंच, या वेळी मीच आडवी आले. मी त्यांच्या उजव्या बाजूला उभी होते, हातभर अंतरावर, तरी धक्का लागला. मग हे परात धरून बसले असताना मी त्यांच्या उजव्या कानाशेजारी हात हलवला. त्यांनी मान वळवली नाही. डावीकडं हलवला तर लगेच म्हणाले, "काय करून राहिली वं?"

मला एकेक आठवायला लागलं. वर्षापूर्वी यांनी स्कूटर विकली, गुडघा दुखतो म्हणून. परमिटसाठी डॉक्टरचा दाखला लागणार होता, तो आणायला हे रोज उद्या जातो म्हणत होते.

मी त्यांना धंतोलीला डोळ्याच्या दवाखान्यात नेलं. आमच्या आधी यवतमाळकडची कितीतरी माणसं रांगेत होती. आत एका यंत्रात डोकं ठेवायला लावलं, ठिपका दिसला की बटण दाबा म्हणाले. उजव्या डोळ्याच्या वेळी हे कितीतरी वेळ बटण न दाबता बसून राहिले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण नीट बोलल्या. काचबिंदू आहे, म्हणाल्या. समोरचं दिसतं, बाजूचं गेलं. गेलं ते परत येत नाही, उरलं ते थेंबांनी सांभाळायचं. "आणि काका, गाडी मात्र आता नाही."

घरी आल्यावर मी भात टाकायला गेले तर बाहेरून आवाज आला. प्रीतीशी फोनवर बोलत होते. "नाई जमत बेटा यंदा. तुह्या आईले एवढा प्रवास सोसत नाई."

माझं नाव पुढं केलं! मी कुकर तसाच ठेवला. बाहेर आले तर हे जिना चढून गेलेले. वर जाऊन पाहते तो हातात पाइप. खाली नळ सोडून आले होते. पाणी अजून पोचायचं होतं. मी पाइपवर पाय दिला.

"सोड वं."

"नाई सोडत. मले काय सोसत नाई? सांगा ना."

"चालवाची नाई तर जाऊन काय करू? मागं बोचक्यासारखं बसू?"

"मी कुठं बसली आजवर?" मी म्हटलं. "स्कूटरवर बोचक्यासारखीच बसली ना? मोटारीत मागं बसली. एका बाजूचं जग पाहिलं मी. मले एकदा समोरून रस्ता पाहाचा होता, तुमच्या बाजूले बसून. आता तुमी चालवू शकत नाई, त्यात तुमचा दोष नाई अन् माहाही नाई. पण मी जाणार. प्रीती चालवंल. तुमाले याचं तर या."

मी इतकं कधी बोलले नव्हते. पलीकडच्या गच्चीवर कांताबाई पापड्या उलटायच्या थांबल्या होत्या. यांनी पाइप तिथंच टाकला, जिना उतरून गेले आणि खालचा नळ बंद झाला.

दोन दिवस घरात फक्त कूलरचा आवाज होता. जेवायला हाक मारली की यायचे, ताटाकडं पाहून जेवायचे, उठून जायचे. मीही गच्चीवर गेले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी कांताबाईंनी वरून हाक मारली, "यमुताई, वर तर या जरा!"

गेले. गाडीवर पाणी पडलं नव्हतं. स्टिअरिंगच्या जागी ठळक अक्षरांत 'प्रीती' लिहिलं होतं. शेजारच्या खुर्चीत 'यमुना'. आणि मागच्या बाकड्यावर, बारीक अक्षरांत, 'देवाजी'. लग्न झाल्यापासून त्यांनी माझं नाव तोंडानं घेतलेलं मला आठवत नाही. हाक म्हणजे अवं, ऐकलं का, नाहीतर प्रीतीची माय. लिहिलेलं ते मी पहिल्यांदाच पाहत होते.

कांताबाई म्हणाल्या, "भाऊजी मागं बसले म्हणजे बरं झालं. बंद पडली तर ढकलतील!"

खाली येऊन मी प्रीतीला फोन लावला आणि यांच्या हातात दिला. हे खाकरले आणि म्हणाले, "तुही आई येतो म्हणते. मंग मले यावंच लागंल."

सप्टेंबरात आम्ही गेलो. मी पुढं बसले. रस्ता खरंच अंगावर धावत येतो आणि काचेच्या दोन्ही बाजूंनी फाटून निघून जातो. पहिला तासभर मी पाय फरशीत रोवून बसले होते. दोन्हीकडं सफरचंदाच्या बागा, झाडं फळांनी वाकलेली. मागून सारखा आवाज यायचा, "उजवीकडं काय हाय वं?" मी सांगायची. बागा हायेत. चर्च हाय. एक बाई सायकलवर जाऊन राहिली, टोपलीत कुत्रं हाय. "बरं," म्हणायचे, आणि लगेच पुन्हा, "आता?" प्रीती हसायची. भाकरी मी शेगडीवर थापल्या. शेजारच्या संडासाच्या दारावर टॉवेल टाकला आणि त्याकडं पाठ केली.

तिसऱ्या दिवशी तळ्याच्या काठाला प्रीतीनं गाडी उभी केली आणि ती दूध आणायला गेली. किल्ली घेऊन गेली होती. हे मागून उठले, बाजू चाचपत पुढं आले आणि स्टिअरिंगवर बसले. दोन्ही हात वर ठेवले. समोर पाणी, पाण्यापलीकडं बर्फाचे डोंगर. मी त्यांच्या उजव्या हाताला. मी म्हटलं, "गाव आलं पाहा." त्यांनी गच्चीवर टाकायचे तसा हवेतच गिअर टाकला. मी बाहेर पाहिलं तर प्रीती दूध घेऊन उभी होती. केव्हाची आली होती कोण जाणे, ती आमच्या उठण्याची वाट पाहत थांबली होती.

यानंतरचं थोडक्यात सांगते. कांताबाईंना मुलानं पुण्याला नेलं. तिथं गच्ची सोसायटीची आहे, पापड्या घालू देत नाहीत. त्या फोनवर रडतात आणि मग स्वतःच हसतात. धंतोलीच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या थेंबांनी यांचा डावा डोळा शेवटपर्यंत टिकला. हे २०२४ च्या डिसेंबरात गेले, सकाळी पेपर वाचता वाचता. प्रीतीनं तिकडं एक जुनी व्हॅन विकत घेतली आहे. दर सुट्टीला मला बोलावते, म्हणते, पुढची खुर्ची तुझीच आहे. जाईन. अजून पाय निघत नाही.

इथं मोटार बोलावली की ड्रायव्हर मागचं दार उघडून देतो. मी पुढचं उघडते आणि बसते. तो जरा बिचकतो. सदरचा बाजार येतो, पूल येतो, दोन्ही बाजूंची दुकानं मला आता पाठ झाली आहेत. मागून कोणी विचारत नाही.

यंदा उन्हाळा फार आहे. रोज संध्याकाळी मी गच्चीवर पाणी मारते.