कंपनीच्या ऑफिसची खिडकी

"हे धमाक्यानंच फुटली भाऊ. मी अनारसे तळून राह्यली होती," मनकर्णाबाई म्हणाली, "अन् एकदम धाडकन. झारा हातातून सुटला. काचेचा भुगा झाला."

"कुठी पडला भुगा?" श्रीहरीनं टेप खिडकीला लावत विचारलं.

"कुठी म्हणजे? हे का अंगणात. तसाच ठेवला, कंपनीच्या साहेबाले दाखवाले."

अंगणाच्या कोपऱ्यात काचेचे तुकडे झाडून, ढीग करून ठेवले होते. श्रीहरी तीस वर्षं काचा बसवत आला होता. खिडकीचं तोंड कंपनीकडं. तिकडून आलेला दणका काच घरात टाकतो. ती अंगणात पडायची, तर धमाका मनकर्णाबाईच्या स्वयंपाकघरात व्हायला हवा होता. शिवाय चौकटीत उरलेल्या तुकड्यावरच्या सगळ्या चिरा एकाच ठिपक्यातून फाकल्या होत्या, आणि तो ठिपका खलबत्त्यातल्या बत्त्याच्या टोकाएवढा होता.

"बाई, बत्ता जपून ठेवा," तो म्हणाला.

"काऊन?"

"काई नाई. संक्रांतीले तीळ कुटाले लागन."

मनकर्णाबाईनं पदर सारखा केला आणि चहाचं आधण वाढवलं. श्रीहरीनं कंपनीच्या फॉर्मवर माप लिहिलं आणि 'फुटण्याचे कारण' या रकान्यात 'धमाका' लिहून सही केली. त्या दिवसातला तो एकोणिसावा धमाका होता.

आवळबोडी भद्रावतीहून एसटीनं चाळीस मिनिटांवर. गावाच्या उत्तरेला खाणींसाठी बारूद बनवणारी एक खासगी कंपनी. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास तिची मिक्सिंगची शेड उडाली. गावाला आधी वाटलं, कुणाच्या तरी कार्ट्यानं मोठा बॉम लावला. दोघा-तिघा बापांनी आपापल्या पोरांना चोपूनही घेतलं. मग वेशीवरच्या चिंचेच्या वरून पिवळा धूर आला.

शेडमध्ये एक माणूस मेला. कंपनीनं दुपारी कागद काढला : धनत्रयोदशीपासून काम बंद होतं, सगळ्यांना सुट्टी होती, कुणी अज्ञात इसम भंगार चोरायला भिंत चढून आत आला, त्यानं बिडी पेटवली. संध्याकाळपर्यंत अज्ञात इसमाचं नाव अख्ख्या गावाला ठाऊक झालं होतं. अश्वजित. वय अठ्ठावीस. त्याच शेडमध्ये ठेकेदाराकडून तीन वर्षं कामाला.

त्यानंतर कंपनीला एकाएकी गावाचा लळा लागला. ज्याची काच फुटली त्याला नवी काच, फुकट, बसवून. पहिल्या आठवड्यात गावात चाळीस काचा फुटलेल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात त्या तीनशे बारा झाल्या. काचा वाढल्या तशा आठवणीही वाढल्या. दादाजी मास्तरांची खुर्ची पहिल्यांदा सांगताना हलली होती, दुसऱ्यांदा वीतभर सरकली, आणि श्रीहरी माप घ्यायला गेला त्या दिवशी मास्तर खुर्चीसकट उलटे पडले.

"चोर त चोर," मास्तर बशीत चहा ओतत म्हणाले. "सणाच्या दिवशी लोकाच्या घरी लक्ष्मी येते. हा पठ्ठ्या तिले आणाले भिंत चढला." आणि आपल्याच बोलण्यावर खूष होऊन हसले.

श्रीहरीही हसला. हसून झाल्यावर त्याच्या तोंडात चहा कसनुसा झाला. घोट थुंकावा तर मास्तरांची फरशी नुकतीच पुसलेली. त्यानं तो गिळला.

कारण अश्वजित भिंत चढला नव्हता, हे आवळबोडीत पक्कं ठाऊक असलेला एक माणूस श्रीहरी होता.

त्या सकाळी तो कंपनीतच होता. वानरांनी ऑफिसची खिडकी फोडली होती आणि दुपारच्या पूजेआधी साहेबांना ती नीट करून हवी होती. चार फूट बाय तीन फूट काच, एका माणसाचं काम नाही. सुपरवायझर राजदीपनं शेडमधून अश्वजितला मदतीला पाठवलं.

"सुट्टी नाई का रे तुले?" श्रीहरीनं विचारलं होतं.

"सुट्टी परमनंटवाल्यायले. पाडव्याले खाणीत माल पाठवाचा हाय ना," अश्वजित म्हणाला. "सरकारी फॅक्टरीत राह्यतो त मी बी घरी चिवडा खात बसलो असतो."

दोघांनी काच उचलून तावदानाच्या लाकडी चौकटीत बसवली, बारीक खिळ्यांच्या चुका ठोकल्या. मग श्रीहरीनं खडू आणि जवसाच्या तेलात मळलेल्या पुट्टीचा गोळा काढला. अश्वजितनं तो त्याच्या हातून घेतला. "द्या भाऊ, हे मले आवडते. लहानपणी मातीचे बैल करो तसं." आणि तो अंगठ्यानं पुट्टी दाबत निघाला. वरची कड झाली, उजवीकडची झाली, खालची अर्धी झाली. त्याच्या उजव्या अंगठ्याचं पेर आरामशीनवर गेलेलं होतं. पुट्टीत बोथट, रुंद, बिनानखाचे ठसे एकामागे एक उमटत गेले. मग शेडकडून हाक आली. अश्वजितनं हात पँटला पुसले आणि गेला. उरलेली पुट्टी श्रीहरीनं दाबली. वरून पटाशी फिरवून ती गुळगुळीत करायची बाकी होती. भाऊबीजेला येतो म्हणून तो सायकलवर बसला. चिंचेपर्यंतही पोचला नव्हता, तोच मागं शेड उडाली.

काचांचं काम साहेबांनी त्यालाच दिलं. देताना फक्त एवढंच विचारलं, "तू उस दिन कितने बजे निकला था?" आणि श्रीहरीनं विचार न करता सांगितलं, "नऊले, साहेब." साहेबांनी मान हलवली. बस, एवढाच व्यवहार. कुणी धमकावलं नाही, कुणी हात धरला नाही. तीनशे बारा काचा आपोआप त्याच्या नावावर झाल्या.

अश्वजितची बायको चंदा त्याच्या दुकानात आली ती फ्रेम करायला. अश्वजितचा फोटो होता, लग्नातला, कडेला कापलेला. कापलेल्या बाजूला तिचाच खांदा दिसत होता.

"जयभीम भाऊ. याले काच लावून द्या."

श्रीहरीनं काच टेबलावर ठेवली आणि त्यावर काच कापायचा हिरा ओढला. चंदा उभीच होती.

"कंपनीच्या गेटवरचा म्हातारा म्हणत होता, त्या दिवशी तुमी आत होते."

"होतो. नऊपर्यंत."

"हे सातलेच गेलते. डबा घेऊन. आत तुमाले दिसले नाई?"

श्रीहरीनं काच टेबलाच्या कडेवर धरून दाबली. तीस वर्षांत हजारो काचा त्याच्या हातून रेघेवर तुटल्या होत्या. ही रेघ सोडून आडवी गेली.

"नाई दिसला," तो म्हणाला.

"सोमवारी चंद्रपूरले बोलावलं हाय, कामगार ऑफिसात. कोणी पाह्यलं असन त आणा म्हणते." तिनं टेबलावरचा फोटो सरळ केला. "चोराची बायको म्हणते भाऊ, नळावर. माह्या पोरीसमोर."

श्रीहरीनं दुसरी काच कापली, फ्रेम करून दिली. ती गेल्यावर सीतानं, त्याच्या बायकोनं, आतून विचारलं, "कोण होतं?" तो म्हणाला, "गिऱ्हाईक." रात्री जेवताना हाताला जवसाच्या तेलाचा वास येत होता. तीस वर्षं येतच होता. पण त्या दिवशी त्यानं घास ताटात परत ठेवला आणि दोनदा साबणानं हात धुऊन आला. सीतानं तोवर त्याचं ताट झाकून ठेवलं.

शुक्रवारी साहेबांनी निरोप पाठवला. गावाच्या सगळ्या खिडक्या झाल्या, आता ऑफिसची कर.

पूजेला मांडलेला लक्ष्मीचा फोटो अजून टेबलावरच होता आणि त्याच्या फ्रेमच्या खाचेत काचेचा चुरा तसाच होता. खिडकीच्या तावदानात काच उरली नव्हती. पुट्टी मात्र चारी कडांना जिथल्या तिथं होती, आता वाळून दगड झालेली.

"ये पुराना सब निकाल," साहेब खुर्चीतूनच म्हणाले. "कैसा गंदा दिखता है. अंगूठे के निशान. सोमवारी पाहणीले लोक येणार, एकदम साफ पाहिजे."

"हाव साहेब."

श्रीहरीनं पटाशी आणि हातोडी घेतली. कुठून सुरू करायचं, हे त्याच्या हातानं त्याच्याआधी ठरवलं होतं. डाव्या कडेला त्याचे स्वतःचे ठसे होते, पूर्ण अंगठ्याचे, नखाच्या रेघेसकट. पहिला उडाला. दुसरा उडाला. पुट्टीची खपली त्याच्या चपलेवर पडली. आपण किती बेतानं आपल्यालाच आधी पुसायला घेतलं, हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं. डावी बाजू आणि खालची अर्धी साफ झाली की या खिडकीत श्रीहरी नव्हताच. उरले असते अश्वजितचे तेवढे ठसे. ते कुणाचे, कधीचे, हे सांगणारा दुसरा अंगठाच उरला नसता. मग तेही खरवडायला काहीच जड गेलं नसतं.

त्यानं पटाशी खाली ठेवली. मनकर्णाबाईचा बत्ता, मास्तरांची उलटी खुर्ची, तीनशे बारा वेळा लिहिलेला 'धमाका'. सगळ्या गावानं मिळून एका मेलेल्या माणसावर काचा बसवून घेतल्या होत्या, आणि त्या बसवणारा हात त्याचा होता.

"क्या हुआ?" साहेबांनी विचारलं.

"लाकूड सडलं साहेब. पूर्ण तावदान बदलाव लागते."

"पहिले देखा नाही?"

"पुट्टी होती ना वरून. नाई दिसलं."

"मग वो भंगार में डाल दे. सोमवारच्या आधी नवा लागला पाहिजे."

"नवं पवन सुताराले सांगतो. तो करून देईन," श्रीहरी म्हणाला.

त्यानं बिजागऱ्यांचे स्क्रू सोडले, तावदान गोणपाटात गुंडाळलं आणि सायकलच्या मागं आडवं बांधलं. गेटवरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "काय नेऊन राह्यला?" तो म्हणाला, "भंगार." म्हाताऱ्यानं गोणपाटाकडं पाहिलं, मग श्रीहरीकडं, आणि दांडा वर केला.

चंदाचं घर कंपनीला सगळ्यात जवळ होतं. बांबूच्या तट्ट्याची भिंत, वर कौलं. घराला खिडकी नव्हती, म्हणून नुकसानीच्या यादीत तिच्या नावापुढं 'निरंक' लिहिलेलं होतं, आणि ते श्रीहरीच्याच अक्षरात.

तिनं खाट टाकली. तो बसला नाही. त्यानं गोणपाट सोडून तावदान तट्ट्याला टेकवून उभं केलं.

"चंदा, मी नऊले नाई निघालो," तो म्हणाला. "पावणेअकरा झाले होते. अश्वजित माह्यासंग होता. हे त्यानं केलं."

ती तावदानापुढं बसली. मग वरच्या कोपऱ्यापासून बोट ठशांजवळून, न टेकवता, नेत गेली. वरची कड, उजवी कड, खालची अर्धी. तिथं बोट थांबलं. पुढं नखवाला अंगठा सुरू होत होता.

"हे तुमचे?"

"हाव. दोन कमी हायत. मी आजच काढले."

"इथी काऊन सोडलं त्यायनं?"

"आवाज देल्ला त्याले. राजदीप सुपरवायझरनं. शेडीतून."

"कसा?"

श्रीहरीला कळलं नाही. "कसा म्हणजे?"

"अरे-ए करून, का नाव घेऊन?"

त्यानं आठवलं. घाईत काही जोडलं जाऊ नये म्हणून थोडा थांबून आठवलं.

"नाव घेऊन," तो म्हणाला. "अश्वजित, ये म्हणे इकडं. दोनदा."

चंदानं मान हलवली. दाराशी बांधलेली बकरी जवसाच्या वासानं दोर ताणून तावदानाकडं मान लांबवत होती. चंदा उठली, तिनं खुंटी उपटली आणि घराच्या पल्याड नेऊन दगडानं पुन्हा ठोकली.

"सोमवारी पहिली एसटी किती वाजता हाय?" श्रीहरीनं विचारलं.

"सातले," ती म्हणाली. "त्यायच्याच टायमाले." आणि तावदानावर टाकायला आतून धुतलेला पंचा घेऊन आली.