पूर्ण वाचून दाखवले

“पुन्हा एकदा सगळं वाचा हो,” असं म्हणत बाईंनी खरेदीखत दुभाष्यापुढे सरकवलं.

परदेशी माणसाला घर घ्यायचं असेल, तर खरेदीखत त्याच्या भाषेत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवायचं आणि मगच सही घ्यायची, असा रजिस्ट्री कचेरीचा नियम होता. सत्तावीस वर्षं हे काम दुभाष्याकडे होतं. सहीखाली तो शिक्का मारायचा: ‘पूर्ण वाचून दाखवले.’

तो वाचू लागला. सहा वर्षांपूर्वी बाईंच्या शेजारच्या खुर्चीत त्यांचे यजमान होते. खिशात मोजपट्टी घेऊनच आलेले गृहस्थ! “तुमच्या कायद्यात निळे पडदे चालतात ना?” असं मधेच विचारून त्यांनी टेबलापलीकडच्या रजिस्ट्रार साहेबांनाही हसवलं होतं. घर त्यांच्या एकट्याच्या नावावर झालं. आता ते जाऊन पाच महिने झाले होते, आणि बाई घर आपल्या नावावर करायला आल्या होत्या.

मग अकरावं कलम आलं. परदेशी मालकाचा हक्क त्याच्या हयातीपुरता. हयातीत वारसाचं नाव नोंदवलं, तर घर वारसाचं. नाही नोंदवलं, तर मालकाच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांत विकावं लागेल.

“हे तेव्हाही होतं?”

“होतं.”

“मग आम्हीच विसरलो असू. ह्यांचं सगळं लक्ष पडद्यांत.”

त्या काही विसरल्या नव्हत्या. अकरावं कलम तो कुणालाच वाचून दाखवत नसे. माणसं नव्या घराच्या आनंदात बसलेली असताना मरणाचं नाव काढायला त्याची जीभ रेटत नसे. दहाव्यावरून थेट बाराव्यावर उडी, आणि वर “बाकी नेहमीचंच.” त्याला तो आपला चांगुलपणा वाटत आला होता.

“काय म्हणतात?” साहेबांनी विचारलं.

“विसरलो असू, म्हणतात.”

“मग संपलंच. दुभाष्यानं कलम वाचलंच नाही, असं निघालं असतं, तर मुदत वाढवून बाईंचं नाव लावता आलं असतं. पण आमचे दुभाषीबुवा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! सांगा त्यांना.”

दुभाष्याने बाईंकडे पाहिलं. “साहेब म्हणतात, काही उपाय नाही.”

एवढंच सांगितलं त्याने. मधली सगळी वाक्यं गिळली. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे नेलेला माणूस, पण आज पहिल्यांदाच त्याने स्वतःला वाचवायला त्यात खोट घातली होती.

बाई उठल्या. “तुम्हाला उगाच त्रास दिला. पडद्यांची मापं मी कागदावर लिहून ठेवते. येणाऱ्याला उपयोगी पडतील.” पिशवी उचलताना आतली मोजपट्टी खुळखुळली.

त्या दारापर्यंत पोचल्या.

“बाई, बसा.”

त्याने कोरा कागद ओढला. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं, त्याचीही त्याला लाज वाटली. लिहून झाल्यावर तो आधी साहेबांना वाचून दाखवू लागला. साहेब दुसऱ्याच ओळीला म्हणाले, “अहो, काय हे? रिटायर व्हायला दोन महिने राहिलेत तुमचे!” तो थांबला नाही. मग बाईंच्या भाषेत सुरुवात केली.

अर्ध्यावर बाईंनी हात वर केला. “कळलं मला. पुढचं राहू द्या.”

“नाही बाई. पूर्ण ऐका.”

कलम आपण मुद्दाम वगळलं, आज साहेबांचं बोलणंही आपण अर्धंच सांगितलं, सगळं त्याने वाचलं. खाली सही केली, शिक्का मारला.

बाईंनी घराचं काही विचारलं नाही. हलकेच काहीतरी म्हणाल्या.

“आता काय म्हणतात?” साहेब म्हणाले.

दुभाष्याने चष्मा काढला. “विचारतात, आता या दुभाष्याचं काय होणार?”

हात लांब करून साहेबांनी टेबलावरचा शिक्का उचलला, टिपकागदावर त्याची शाई टिपली आणि तो आपल्या खणात ठेवून दिला.